तेल-वायूची स्प्रिंग : टिकाऊपणा आणि निगा



ज्या वर्कशॉप-मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकलेले बरेच जण आज या सभागृहात आहेत. मास्तरांचा एक दंडक सगळ्यांना पाठ असेल : गेज लावल्याशिवाय निदान सांगायचे नाही. म्हणून मीही आज वर्कशॉपमधलाच विषय घेतला आहे. गाडीचे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्या मध्ये जी व्यवस्था असते, तिला आपण सस्पेन्शन म्हणतो. त्यातला एक प्रकार तेल आणि नायट्रोजन वायू यांच्यावर चालतो. हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन. आपल्याकडे त्याची कीर्ती फारशी चांगली नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन गाड्यांबद्दल ज्यांनी वाचले आहे ते म्हणतात, बसायला पालखी, पण सांभाळायला कठीण. आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या मिस्त्रींच्या हातात हे टिकायचे नाही.

मला हे मत पटत नाही, आणि ते का पटत नाही हे आज तपशिलात सांगायचे आहे. ही व्यवस्था नाजूक नाही. ती बिघडते तेव्हा आवाज करत नाही, आणि आपले सगळे कसब आवाजावर घडलेले आहे. अडचण इथे आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. भंडारा जिल्ह्याला ट्रकच्या पाट्याची स्प्रिंग नवी नाही. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. तिथल्या मालात स्प्रिंग स्टीलही असते. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॉईलच्या मँगनीजच्या खाणी आहेत, आणि मँगनीजशिवाय पाट्याचे पोलाद होत नाही. साध्या सिलिको-मँगनीज पाट्यात अर्धा ते पाऊण टक्का कार्बन, दीड ते दोन टक्के सिलिकॉन आणि एक टक्क्याच्या आसपास मँगनीज असते. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. आणि नागपूर-रायपूर महामार्ग, पूर्वीचा ६ नंबर, आताचा ५३, जिल्ह्याच्या मधोमध जातो. धानाची पोती भरलेला ट्रक लाखनी-साकोलीकडून येताना कुठे दबतो, कुठे डुलतो, हे इथल्या पोराटोरांनाही कळते.

पाट्याचे दुखणे उघड असते. मुख्य पाट्याचा डोळा तुटतो, किंवा मधल्या बोल्टच्या भोकातून पाटा आडवा जातो. ट्रक एका अंगाला झुकतो. चालकाला आरशातून दिसते, मागून येणाऱ्यालाही दिसते. रस्त्याकडेच्या कमानीवाल्याकडे गाडी लावली की तो जॅक चढवतो, लाकडी ठोकळे देतो, यू-बोल्ट सोडतो, तुटलेला पाटा बाजूला काढून मापाचा दुसरा बसवतो. त्यातही चांगला कमानीवाला आणि कामचलाऊ कमानीवाला यांच्यात फरक असतो. चांगला माणूस पाट्याला गॅस कटर लावू देत नाही, कारण तिथले पाणी उतरते आणि पाटा पुढे त्याच जागी तुटतो. गाडी सोडताना तो बजावतो की पहिली भरलेली खेप झाली की परत ये, यू-बोल्ट पुन्हा ताणायचे आहेत. बहुतेक चालक परत जात नाहीत. ढिल्या यू-बोल्टमुळे पाटे मधोमध वाकायला लागतात, आणि भोकातून तुटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. म्हणजे पाट्यालाही निगा लागते. फक्त ती चुकली तर पाटा दुसऱ्या दिवशी ओरडून सांगतो.

पण पाट्याला एक जन्मजात मर्यादा आहे. स्प्रिंगला दोन कामे असतात : वजन पेलणे आणि खड्डा गिळणे. दहा टन पेलायला कडक पाटा बसवला की रिकामी गाडी उड्या मारते. रिकाम्यासाठी मऊ बसवला की भरलेली गाडी आदळते. रिकाम्या ट्रकमध्ये मागे बसून मिलवरून परत आलेल्या हमालाला हे अंगाने माहीत आहे. पोलादाचा कडकपणा ठरलेला. वजन मात्र दिवसातून दोनदा बदलते. मागच्या धुरीवर वरचे वेगळे जादा पाटे लावून आपण ही अडचण थोडी सैल करतो, पण सुटत नाही.

आता वायूकडे येऊ. सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा दाबून धरा आणि दांडा खाली ढकला. सुरुवातीला दांडा सहज जातो, मग जड होतो, शेवटी जातच नाही. वायूची स्प्रिंग ही एवढीच. जितकी दाबाल तितकी ती कडक होत जाते, म्हणजे वजन वाढले की आपणहून कणखर होते. सिट्रोएनच्या रचनेत प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा असतो, इंग्रजीत त्याला स्फिअर म्हणतात. आतली जागा साधारण अर्ध्या लिटरच्या आतबाहेर. गोळ्याच्या मधोमध रबरी पडदा. पडद्याच्या वर कोंडलेला नायट्रोजन, खाली तेल. चाक वर आले की चाकाजवळच्या सिलिंडरचा दट्ट्या तेल ढकलतो, तेल पडद्याला, पडदा वायूला. तेल गोळ्याच्या मानेतल्या बारीक भोकांतून आणि झडपांतून जाते, त्यामुळे हेलकावे तिथेच मरतात. वेगळा शॉकॲब्सॉर्बर लावावा लागत नाही. इंजिनावर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो आणि तो एका साठवणीच्या गोळ्यात राखतो, साधारण १४५ ते १७० बारच्या दरम्यान. मागे चार माणसे बसली, डिकीत सामान भरले, की उंची राखणारी झडप उघडते, आणखी तेल आत येते आणि गाडी पुन्हा आपल्या मूळ उंचीवर उभी राहते.

ही उंची राखणारी झडप हे या रचनेचे वैभव आहे आणि निगेच्या बाबतीत तोच तिचा सर्वांत फसवा भाग आहे. एक उदाहरण आकड्यांत करून पाहू. समजा ४०० घनसेंटीमीटरच्या गोळ्यात ५५ बार दाबाने नायट्रोजन भरला आहे, आणि गाडीचे वजन त्या चाकाशी ११० बार दाब मागते. दाब दुप्पट झाला, म्हणून वायू निम्म्या जागेत, २०० घनसेंटीमीटरमध्ये, मावला. खड्डा गिळायला एवढी वायूची उशी शिल्लक आहे. आता काही वर्षांत रबरातून झिरपून वायूचा मूळ दाब निम्मा झाला, साडेसत्तावीस बार. वजन तेच आहे, म्हणून दाब तोच ११० बार. पण वायू आता १०० घनसेंटीमीटरमध्ये बसला आहे. उशी निम्मी, म्हणजे कडकपणा दुप्पट. आणि गाडीची उंची? तीच. एक मिलिमीटरही खाली नाही, कारण वायूने सोडलेली जागा झडपेने तेल भरून काढली.

विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत उतरवून घ्यावे, कारण आजच्या विषयाचे मर्म यात आहे. पाटा तुटला की गाडी झुकते. वायू गेला की गाडी ताठ उभी राहते आणि फक्त कडक होत जाते, तीही इतक्या सावकाश की रोज चालवणाऱ्याला सवय होऊन जाते. तो म्हणतो, रस्ता खराब झाला आहे. बऱ्याच दिवसांनी गाडीत बसलेला पाहुणा म्हणतो, तुमची गाडी आदळते हो. पाहुण्याचे ऐकावे.

मग कळणार कसे? त्याच्या खुणा आहेत, आणि त्या साध्या आहेत. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना, पंपाचा दाब राखणारा भाग किती वेळाने टक् असा आवाज करतो ते घड्याळ लावून बघायचे. साठवणीचा गोळा चांगला असेल तर दोन आवाजांत बऱ्यापैकी अंतर असते, अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त. हे अंतर काही सेकंदांवर आले की गोळ्यातला वायू संपत आला. मग कोपऱ्यावर हाताने गाडी दाबून बघायची. ती खाली जाऊन वर यायला हवी. दगडासारखी लागली तर त्या चाकाचा गोळा गेला. गोळा काढणे फार अवघड नाही : आधी दाब सोडायचा, मग पट्ट्याच्या पान्याने गोळा फिरवून काढायचा, रिंग नवी घालायची, आणि दुसरा गोळा हातानेच कसायचा. दाब सोडणे विसरलेल्या माणसाला मात्र दुसरी संधी मिळेलच असे नाही.

या व्यवस्थेवर नाजूकपणाचा शिक्का बसला तो १९५० च्या दशकात, आणि त्याला कारण तेल होते. सिट्रोएनमध्ये पॉल माझेस नावाचा आराखडे काढणारा माणूस होता. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्याने ही कल्पना वर्षानुवर्षे लावून धरली. १९५४ मध्ये एका जुन्या मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांना ती लावून पाहिली, आणि ५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात डीएस ही गाडी आली. पहिल्याच दिवशी बारा हजारांच्या घरात मागण्या नोंदवल्या गेल्या. एकाच दाबाच्या तेलावर सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आणि गिअर बदलणेही चालत होते. आणि मग गळती सुरू झाली. सुरुवातीचे तेल हवेतले पाणी शोषून घेणारे होते. आतले भाग मायक्रॉनच्या मापात बसवलेले; त्यांना पाण्याने गंज धरला की झडपा अडकायच्या, सील जायचे. रस्त्यावरच्या मिस्त्रीसाठी हे सगळे यंत्र नवे होते आणि त्याला शिकवणारे कोणी नव्हते.

उपाय निघायला अकरा वर्षे लागली. १९६६ मध्ये कंपनीने खनिज तेल आणले, हिरव्या रंगाचे, एलएचएम नावाचे. ते पाणी शोषत नाही, गंज धरू देत नाही. त्या तेलासाठी सीलचे रबरही बदलावे लागले. त्यानंतरच्या गाड्यांचा इतिहास वेगळा आहे. डीएस १९७५ पर्यंत चालली आणि साडेचौदा लाखांच्या आसपास बनली. १९८२ ची बीएक्स ही साध्या नोकरदाराची गाडी होती. ती वीस लाखांहून जास्त विकली गेली. रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनकडून या तंत्राचा परवाना घेतला. ज्या घरांत मुलांची शाळा, बाजारहाट आणि वर्षातून एकदा समुद्राकाठी जाणे हे सगळे एकाच गाडीवर चालते, अशा घरांनी बीएक्स वर्षानुवर्षे वापरली. सिट्रोएनने ही परंपरा २०१७ मध्ये सी-५ मॉडेल बंद करताना थांबवली. आज आपल्याकडे त्या कंपनीची सी-५ एअरक्रॉस दिसते, तिच्यात असले गोळे नाहीत. शॉकॲब्सॉर्बरच्या टोकांना तेलाचे आणखी दोन अडसर आहेत, एवढेच. काही जाहिरातींमुळे गैरसमज होतो म्हणून सांगितले.

तेलाचा मुद्दा इथल्या गॅरेजवाल्यांसाठी थोडा लांबवतो. एलएचएमच्या आधीच्या लाल तेलाच्या गाडीत हिरवे तेल ओतले, किंवा हिरव्यात लाल, तर रबर फुगते किंवा मऊ पडते, आणि सगळी व्यवस्था उघडून प्रत्येक सील बदलावा लागतो. हे ऐकून आपल्याला वाटते की परदेशी गाड्यांचे चोचले आहेत. पण हाच अपघात आपल्याकडे रोज होऊ शकतो. आपल्या साध्या गाड्यांचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते आणि त्याचे रबर खनिज तेल सहन करत नाही. ब्रेकच्या डब्यात कोणी हायड्रॉलिक ऑइल किंवा इंजिन ऑइल टाकले, तर मास्टर सिलिंडरची रबरे फुगतात, परतीचे भोक बुजते आणि ब्रेक धरून ठेवतो. तेल टाकणारा पोरगा बारा-चौदा वर्षांचा असतो आणि त्याला दोन्ही डबे सारखेच दिसतात. गॅरेजच्या मालकांनो, ब्रेक ऑइलसाठी वेगळी नरसाळी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू देऊ नका. आणि ब्रेक ऑइलचा अर्धा उघडा डबा पावसाळाभर मांडणीवर ठेवू नका. तेही हवेतले पाणी पिते.

आता कोणी म्हणेल, या गाड्या भंडाऱ्यात येणार कधी, आणि आम्ही हे ऐकायचे कशासाठी. हे यंत्र विदर्भात कधीच आलेले आहे. मोटारगाडीत आले नाही, खाणीत आले. कोळशाच्या खुल्या खाणींत, चंद्रपूर, वणी, उमरेडच्या पट्ट्यात, जे मोठे डंपर चालतात, त्यांच्या चारही कोपऱ्यांवर पाटे नसतात. तिथे माणसाच्या मांडीपेक्षा जाड असे सिलिंडर असतात आणि त्यांत तेल आणि नायट्रोजन असतो. पुढच्या दोघांवर तर चाकाचे वळणेही अवलंबून असते. माझी नोकरी अशा वर्कशॉपमध्ये गेली, म्हणून याबद्दल मी बोलू शकतो.

या सिलिंडरांत बहुधा रबरी पडदा नसतो. तेल खाली, वायू वर, दोन्ही एकमेकांना भिडलेले. म्हणून भरण्याचा क्रम पाळावाच लागतो. डंपर रिकामा आणि सपाट जमिनीवर उभा करायचा. चाकांना अडसर लावायचे. भरण्याच्या झडपेतून वायू हळूहळू सोडायचा, तोंड बाजूला ठेवून, आणि सिलिंडर पूर्ण खाली बसू द्यायचा. मग ठरलेल्या उंचीचे ठोकळे देऊन तेल भरायचे, बुडबुडे येणे थांबेपर्यंत. त्यानंतर नायट्रोजन. तो दांड्याचा चकचकीत भाग किती उघडा दिसतो ते मोजून भरायचा, आणि माप कंपनीच्या पुस्तकातले घ्यायचे. मग डंपर थोडा चालवून आणायचा आणि पुन्हा मोजायचे, कारण सील पहिल्यांदा चिकटून बसलेले असतात आणि खोटे माप दाखवतात. घाईची पाळी असली की हे दुसरे मोजणेच गाळले जाते. तेल कमी असताना नुसता वायू भरून उंची आणली, तर डंपर उभा असताना बरोबर दिसतो. चालताना तेलाचा पुरवठा अपुरा पडतो, सिलिंडर तळाला आदळतो आणि ती आदळ थेट सांगाड्यात जाते.

एका खुल्या खाणीत मी पाहिलेला प्रकार सांगतो. एका डंपरच्या सांगाड्याला मागच्या बाजूला तडा जायचा. वेल्डिंग व्हायचे, पट्टी लागायची, थोड्या दिवसांनी पट्टीच्या शेजारी दुसरा तडा. वेल्डरला दोष द्यायचे, रॉडला दोष द्यायचे. त्या डंपरचा एका बाजूचा टायरही लवकर झिजत होता, आणि तो टायर विभागाच्या वहीत नोंदवलेला होता, वेल्डिंग दुसऱ्या विभागाच्या वहीत. दोन्ही वह्या एकत्र पाहिल्या तेव्हा मागच्या दोन सिलिंडरांची उघड्या दांड्याची उंची मोजायची सुचली. एक दुसऱ्यापेक्षा चार बोटे खाली होता. त्याच्या झडपेच्या टोपणाखालून वायू झिरपत होता. साबणाच्या पाण्याने बुडबुडा दिसला. झडप बदलली, तेल आणि वायू क्रमाने भरले, आणि सांगाड्याचे वेल्डिंग नीट सोलून पुन्हा केले. ते टिकले. गुन्हेगार वेल्डर नव्हताच.

त्या सिलिंडरांची आणखी एक गंमत आहे. नव्या डंपरांत त्यांच्या आतला दाब मोजून गाडीत किती टन भरले हे चालकाला पडद्यावर दाखवतात. म्हणजे सिलिंडर बिघडला की वजनाचा हिशेबही बिघडतो, आणि जास्त भरलेली गाडी कमी भरल्याचे सांगते. निगेचा अभाव असा एका जागी थांबत नाही.

पावसाळ्यात चिखलाने दांड्याभोवतीची रबरी पुसणी झिजते. दांड्यावर तेलाची ओल आणि तिच्यावर धुळीचे वलय दिसले की सील जाणार हे ठरलेले. रोज पाळीच्या सुरुवातीला हेल्परने नुसत्या फडक्याने दांडा पुसून बघितला तरी महिनाभर आधी कळते.

उन्हाचे काय, हा प्रश्न इथे येतोच, आणि योग्य आहे. वायू तापमानाबरोबर फुगतो. पहाटे २० अंशांवर भरलेला सिलिंडर दुपारी ४७ अंशांना पोचला की, वजन तेच असल्याने, आतला वायू साधारण नऊ टक्के जास्त जागा घेतो. यंत्र एवढे सहन करते. अडचण होते ती मोजणाऱ्याची : मेच्या भर दुपारी, खेपा करून तापलेल्या सिलिंडरचे माप घेऊन तो वायू सोडतो, आणि डिसेंबरच्या पहाटे तोच डंपर खाली बसलेला असतो. म्हणून माप नेहमी गाडी थंड असताना घ्यायचे आणि वहीत उंचीशेजारी तापमान लिहायचे. विदर्भाच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर थर्मामीटर असायला हवा. मी फार कमी ठिकाणी तो पाहिला.

लष्कराकडेही हेच तंत्र आहे. आवडी इथल्या लष्करी संशोधन संस्थेत घडलेल्या अर्जुन रणगाड्याचे सस्पेन्शन हायड्रोन्यूमॅटिक आहे. उंचसखल जमिनीवर धावताना तोफेची नळी स्थिर राहावी यासाठी. नाशिकजवळ देवळालीला ९ नोव्हेंबर २०१८ रोजी सैन्यात दाखल झालेली के-९ वज्र ही स्वयंचलित तोफही याच जातीच्या सस्पेन्शनवर उभी आहे. राजस्थानच्या वाळूत आणि उन्हात पन्नास-साठ टनांचे धूड ज्याच्यावर चालते ते तंत्र भंडाऱ्याच्या रस्त्याला नाजूक ठरेल, असे म्हणायला मी तयार नाही. लष्करात फरक एकच आहे : तिथे मोजण्याची तारीख ठरलेली असते आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा अधिकारी असतो.

वातानुकूलित आणि विजेवरच्या बसगाड्यांमुळे एसटीच्या आगारांतही आता हवेची स्प्रिंग आली आहे. मिस्त्री तिला बलून म्हणतात. ती तेल-वायूच्या व्यवस्थेची चुलत बहीण. हवा कॉम्प्रेसरमधून येत राहते, त्यामुळे गळती झाली तरी काही काळ निभते. पण कॉम्प्रेसर सतत राबतो आणि हवेतले पाणी टाकीत साठते. टाकीच्या खालची निचऱ्याची झडप उघडून पाणी काढणे हे दोन मिनिटांचे काम आहे. हवा सुकवणारे काडतूस ठरल्या वेळी बदलणे हे दुसरे. ही दोन कामे झाली नाहीत की उंचीची झडप चिकटते, बस एका अंगाने बसते आणि प्रवासी म्हणतात, नवी गाडी काय कामाची. नागपूरला हिंगण्याची एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि इथली भंडारा, तुमसर, साकोली, पवनीची आगारे पाट्यांवर पिढ्यानपिढ्या तयार झालेली आहेत. त्या हातांचा मला अभिमान आहे. त्या हातांना आता गेज द्यायला हवे.

नायट्रोजनबद्दल एक इशारा, कारण पेट्रोल पंपावर नायट्रोजन मिळतो म्हणून लोक विचारतात. पंपावरचा नायट्रोजन टायरसाठी असतो, दोन-तीन बारचा. गोळ्यासाठी किंवा डंपरच्या सिलिंडरसाठी दाबाची नळी, दाब कमी करणारा रेग्युलेटर आणि कोरडा बाटलीबंद नायट्रोजन लागतो. कोणत्याही परिस्थितीत त्याऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरायचा नाही. दाबाखालचे तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. साधी हवाही नको. तिच्यातही ऑक्सिजन आहेच. बाटलीच्या रंगावर विसंबू नका, चिठ्ठी वाचा.

तर मग धानाच्या ट्रकला तेल-वायूची स्प्रिंग लावावी का? नाही. तिथे पाटा योग्य आहे. तो स्वस्त आहे, रस्त्याकडेला दुरुस्त होतो, आणि बिघडला की सांगतो. ज्याच्याकडे गेज नाही, नोंदवही नाही आणि भाग मिळण्याची खात्री नाही, त्याने जुनी सिट्रोएन हौसेने घेऊ नये. किमान तिच्यातले तेल आणि गोळे बदलायचा खर्च आधी बाजूला काढल्याशिवाय तरी नाही. पण जिथे वजन सारखे बदलते, जिथे माणसाच्या कण्याला जपायचे आहे, तिथे हे तंत्र येणारच. रुग्णवाहिकेचा विचार करा. पवनीहून किंवा तुमसरहून बाळंतिणीला नागपूरला नेणारी गाडी मालवाहू चेसिसवर आणि मालवाहू पाट्यांवर बांधलेली असते. ती जवळपास रिकामीच धावते, म्हणजे आपण मघाशी पाहिलेली सर्वांत वाईट स्थिती. त्या गाडीत हवेची किंवा तेल-वायूची स्प्रिंग असावी असे मला मनापासून वाटते, आणि ती बसवण्याआधी तिला सांभाळणारा माणूस जिल्ह्यात असावा.

म्हणून माझी मागणी आयटीआयकडे आहे. मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पाटे, शॉकॲब्सॉर्बर शिकवले जातात. त्यात एका टेबलाची भर घाला : एक जुना गोळा किंवा छोटा हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटर, हातपंप, दोन गेज, रेग्युलेटरसह नायट्रोजनची बाटली आणि भिंतीवर थर्मामीटर. विद्यार्थ्याने त्यात ठरल्या दाबाने वायू भरावा, तेल ढकलून कडकपणा मोजावा, मग निम्मा वायू सोडून पुन्हा मोजावा. उंची तीच ठेवून कडकपणा दुप्पट झालेला त्याला स्वतःच्या हाताला लागला पाहिजे. जुना ॲक्युम्युलेटर खाणींच्या भंगारात मिळतो. हातपंप आणि गेज नागपूरच्या बाजारात मिळतात. ज्या गॅरेजवाल्यांना या टेबलावर संध्याकाळी येऊन हात बसवायचा आहे त्यांनाही दार उघडे असावे. सुरक्षेचे पहिले काही तास शिकवायला मी येईन. झडप उघडताना कुठे उभे राहायचे, इथपासून सुरुवात करू.